वर्ष चांगले गेले म्हणजे काय?

वर्ष सरतेवेळी दोन ओळखीची माणसे भेटली म्हणजे एक प्रश्न ठरलेला असतो : "काय, वर्ष कसे गेले?" उत्तरही बहुधा ठरलेले असते : "देवाच्या कृपेने बरे गेले." प्रश्न करणारा आपल्या वाटेने जातो व उत्तर देणारा आपल्या कामास लागतो. परंतु त्या साध्या उत्तरात केवढा मोठा दावा केलेला असतो, याचा विचार क्वचितच होतो. वर्ष बरे गेले ते कोणाचे? ते बरे कोणत्या मापाने ठरविले? आणि ते बरे जावे म्हणून कोणास काय सोसावे लागले? या तीन प्रश्नांपैकी शेवटच्या प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटते. कारण त्याचे उत्तर मिळाल्यावर पहिल्या दोहोंचे उत्तर आपोआप बदलते.

२०२५ सालाचा जमाखर्च आम्हीही मांडून पाहिला. घरी वृद्ध मातोश्री मोठ्या दुखण्यातून उठल्या व कन्या परिचारिकेचे शिक्षण घेण्यास शहरी गेली. कामाच्या बाजूस सात गावांच्या उपासना, बाप्तिस्मे, लग्ने आणि मातीस दिलेली आपली माणसे. प्रवास पुष्कळ झाला, तो बहुतेक एस.टी.ने. मंडळीत उपासनामंदिराचे छप्पर पुरे झाले व कापणीचा सण उत्साहाने पार पडला. हा हिशेब वाचून कोणीही म्हणेल की, वर्ष चांगले गेले. आणि तसे म्हणण्यास आमची हरकत नाही. परंतु असल्या हिशेबात आपल्याकडे काय आले एवढेच लिहिलेले असते; ते कोणाच्या खांद्यावरून आले, यासाठी वहीत रकानाच नसतो.

तो रकाना आता भरून पाहू. दुखणेकरी बरे झाले म्हणून आपण परमेश्वराचे उपकार मानतो, ते योग्यच आहे. तथापि रात्रीची जाग्रणे घरातील सुनेने केली, आणि गावच्या आशाताईंनी चार वेळा उंबरा झिजविला. प्रवास सुखरूप झाला म्हणून आपण प्रार्थना करतो. पहाटे गावातून जी पहिली गाडी सुटते, ती तेथे मुक्कामास राहिलेली असते. तिचे चालक व वाहक घरापासून दूर, पुष्कळदा गाडीतच, अंग टाकतात, म्हणून गावकरी दवाखान्यास व कचेरीस वेळेवर पोहोचतात. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, पहिली एस.टी. धावली. तेव्हापासून किती माणसांच्या रात्री आपल्या सकाळींसाठी खर्ची पडल्या असतील, याची गणती कोण करील?

आणि नाताळच्या करंज्या घ्या. त्यांतील साखर ज्या उसाची, तो उस तोडावयास बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतून लाखो माणसे दिवाळीच्या सुमारास घर सोडतात व उन्हाळा लागल्यावर परततात. पती व पत्नी मिळून एक "कोयता" धरला जातो. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत तो कोयता खाली ठेवता येत नाही. पहाटेच्या थंडीत तोडणी, मग मोळ्या बांधणे, मग डोक्यावरून वाहून गाडी भरणे. गर्भाशय काढून टाकलेल्या ऊसतोड स्त्रियांची बीड जिल्ह्यातील संख्या उघडकीस आली, तेव्हा २०१९ साली सरकारास चौकशीसाठी समिती नेमावी लागली. ही माणसे परकी नव्हेत. आपल्या कित्येक खेडेगावच्या मंडळ्यांत नाताळच्या दिवशी जे बाक रिकामे दिसतात, ते याच कुटुंबांचे होत. आजीआजोबा व लहान लेकरे तेवढी उपासनेस असतात. आईबाप उसाच्या फडाकडेला कोपीत असतात.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, "त्यांस मजुरी मिळते, चालकास पगार मिळतो, आम्ही तिकिटाचे व साखरेचे पैसे मोजतो, मग देणे राहिले कोठे?" हा आक्षेप खोटा नाही, पण अपुरा आहे. पैशाने श्रमाचे मोल चुकते, आणि पुष्कळदा तेही पुरते चुकत नाही. परंतु आईवाचून गेलेला लेकराचा नाताळ, कोणत्या भावाने विकत घेता येईल? ज्याची किंमत करता येत नाही, ते घेतल्यावर घेणारा ऋणी राहतो. आपल्या देशात ही जाणीव फार जुनी आहे. देव, ऋषी व पितर यांचे ऋण घेऊन मनुष्य जन्मास येतो, हे सर्वांच्या ऐकण्यात असते. पण शतपथ ब्राह्मण या प्राचीन ग्रंथात मनुष्यांचेही ऋण सांगितले असून ते आसरा व अन्न देऊन फेडावे, असा भाव आहे. कृतज्ञता ही नुसती मनातील ऊब नसून एक देणे आहे, हे आपल्या पूर्वजांस ठाऊक होते.

आता याहून कठीण गोष्ट. २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात जो पाऊस झाला, त्याने आमच्या भागातील विहिरी तोंडोतोंड भरल्या व रब्बीची चिंता मिटली. त्याच महिन्यातील पावसाने सीना नदीस महापूर येऊन सोलापूर व धाराशिव जिल्ह्यांतील गावांत पाणी शिरले; मराठवाड्यात उभी पिके गेली, आणि काही ठिकाणी पिकाखालची मातीही खरवडून गेली. आकाश एकच, देव एकच. मग आम्ही कापणीच्या सणात पावसाबद्दल उपकारस्तुती करावी की नाही? करू नये, असे आम्ही म्हणत नाही. विहिरीस पाणी आले ते कृपेनेच आले. परंतु "आम्हांवर देवाची विशेष मर्जी म्हणून आम्ही वाचलो," असा जर त्या स्तुतीचा अर्थ असेल, तर ती शेजाऱ्याच्या विरुद्ध दिलेली साक्ष होते. शिलोहाचा बुरूज ज्या अठरा जणांवर पडला, ते इतरांहून अधिक पापी नव्हते, असे प्रभूने लोकांस बजावले होते. आणि मंदिरात उभा राहिलेला तो परूशी काय करीत होता? तोही उपकारस्तुतीच करीत होता! पण ती स्तुती शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी तुलना करून उभारलेली होती, म्हणून ती घेऊन तो रिकामाच घरी गेला. उत्तम पीक आलेला तो धनवानही आठवावा. कोठारे मोडून मोठी बांधण्याचा बेत तो स्वतःशीच बोलतो, व त्या बोलण्यात "माझे" हा शब्द पुनःपुन्हा येतो. ज्यांनी नांगरले व कापले, त्यांचा उल्लेख एकदाही येत नाही.

तर मग खरी उपकारस्तुती कशी असते? शास्त्रात याचे उत्तर उपदेशाने नव्हे, तर व्यवस्थेने दिले आहे. लेवीय पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात वर्षाच्या सणांची यादी आहे. त्या यादीच्या मध्येच, कापणीचा सण सांगून होताच, शेताच्या कडा सोडाव्या व सरवा गरीब आणि उपरे यांच्यासाठी ठेवावा, ही आज्ञा येते. मग पुन्हा सणांची यादी पुढे चालू होते. वाचणाऱ्यास प्रथम ती अस्थानी वाटते. पण विचार केल्यास कळते की, तिची जागा तेथेच आहे. सोडलेल्या कडेवाचून सण पुरा होत नाही. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायातही हाच क्रम आहे : तिसऱ्या वर्षाचा दशमांश लेवी, उपरा, पोरका व विधवा यांस पोहोचवावा, तसे केल्याचे देवापुढे सांगावे, आणि मगच देशासाठी आशीर्वाद मागावा. आधी हात मोकळा, मग तोंड मोकळे.

यावर कोणी म्हणेल, "अशाने प्रत्येक घासास दुसऱ्याचे दुःख आठवेल, आणि आनंद करणेच अशक्य होईल." आम्हांस तसे वाटत नाही. ज्यास आपले देणे ठाऊक आहे तो मनुष्य उदास असलाच पाहिजे, असे नाही. उलट, देणे लपविणाराच सावकाराची वाट चुकवीत फिरतो. वर नमूद केलेल्या नियमात उपऱ्याने घरच्या माणसांबरोबर आनंद करावा असेही सांगितले आहे. ज्या आनंदात दुसऱ्यास जागा आहे, त्यास कोणाच्या आठवणीचे भय नाही.

म्हणून मंडळ्यांस आमची नम्र सूचना आहे. कापणीच्या सणात टोपल्यांचा, कोंबड्यांचा व भोपळ्यांचा लिलाव होतो. त्यातील एक वाटा, आरंभीच आणि ठरवून, मंडळीतील ऊसतोडीस गेलेल्या घरांच्या लेकरांच्या शाळेसाठी व मागे राहिलेल्या वृद्धांच्या औषधासाठी वेगळा काढावा. नाताळच्या आठवड्यात एक उपासना फडावर, कोपींच्या मध्ये व्हावी. जे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे मंडळीने जावे. ज्यांच्या विहिरी भरल्या त्यांनी, ज्यांची माती गेली अशा एका घराच्या पुढील पेरणीचे बियाणे आपल्या माथी घ्यावे. आणि वर्षाच्या शेवटच्या रात्री उपासनेत साक्षी देताना, ज्यांच्या श्रमावर आपले वर्ष उभे राहिले अशा निदान एकाचे नाव प्रत्येकाने घ्यावे. ते नाव आठवत नसेल, तर विचारून घ्यावे. बहुधा ती व्यक्ती जवळच, चुलीपाशी उभी असेल.

वर्षाचा हिशेब देवापुढे ठेवावयाचा आहेच. तो ठेवताना जमेच्या बाजूस जे लिहिले, त्याच्यापुढे आणणाऱ्याचे नावही लिहिलेले असो. आणि ते देणे फेडण्यास नव्या वर्षाचे दिवस व आरोग्य आपणा सर्वांस लाभो.