एक कप्पा रिकामा करून

घर थोडं निवांत असेल अशी वेळ निवडा. दुपारची जेवणं आटोपलेली, ओटा पुसून झालेला, फोन दुसऱ्या खोलीत. वाचताना कुठे थांबावंसं वाटलं तर थांबा, उरलेलं उद्या वाचा.

कपाट उघडा आणि त्यातला एक कप्पा मनातल्या मनात रिकामा करा. वरचा नको, नऊ वर्षांच्या मुलाचा हात सहज पोचेल असा. काय काय उचलावं लागलं? आहेरात आलेल्या चादरी, कधीतरी लागतील म्हणून ठेवलेल्या पिशव्या, धाकट्याच्या जुन्या वह्या. ते सगळं जाणार कुठे? घरात कुणाची कुरकुर ऐकू आली का? सासूबाईंची, तुमच्या लेकीची? ऐकून घ्या. आत्ताच ऐकलेली बरी.

आता दार. दारात तो मुलगा उभा आहे, बालगृहातल्या ताईंच्या मागे, खांद्याला बॅग.

सरकारी कागदावर याला प्रतिपालकत्व म्हणतात. बोलताना सगळे फॉस्टर केअरच म्हणतात. दत्तकाशी त्याची सर्रास गल्लत होते, आणि पुढची बरीचशी दुखणी तिथेच सुरू होतात असं माझं मत आहे. दत्तक मूल कायद्याने तुमचं होतं. हे होत नाही. याचं आडनाव याचंच राहतं. कितीतरी वेळा अशा मुलाला आई असते, वडील असतात. कुणी आजारी, कुणी तुरुंगात, कुणी दारूत बुडालेलं, कुणी नुसतंच थकून गेलेलं. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं 44 वं कलम हे गृहीत धरूनच लिहिलेलं आहे. बाल कल्याण समिती आईवडलांना मुलाला भेटायची परवानगी देऊ शकते, आणि ते पुन्हा सांभाळू शकतील असं तिला वाटलं, तर मूल परत घरी जातं.

परत घरी जातं. हे दोन-तीन श्वास तसंच राहू द्या. पोटात कुठे काही आवळलं का?

यशोदेचं नाव ओठावर आलं असेल. पण मूल आपण जन्माला घातलेलं नाही, हे तिला ठाऊकच नव्हतं. तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार.

बॅगेकडे वळू. ती तुम्ही उघडू नका, त्याला उघडू द्या. दोन शर्ट, एक स्वेटर, अभ्यासाची वही. तळाशी स्टीलची एक चेपलेली डबी, आत काही नाही. ‘ही टाकू आणि नवी आणू’ असं मनात आलं असेल. चांगल्या मनानेच आलं असेल. तरी विचारा स्वतःला, ती टाकायची घाई कुणाला आहे?

जेवायला बसा. तो खाली मान घालून भराभर जेवतो. मग उठून ताट घासतो आणि ओलं ताट हातात धरून मोरीशी उभा राहतो, कारण इथे ते कुठे उपडं घालायचं हे त्याला माहीत नाही. पाणी प्यायलाही विचारतो. ‘किती शहाणं मूल!’ असं तुम्ही शेजारी सांगाल. एवढा शहाणपणा मला तरी थोडा भीतिदायक वाटतो. पाहुणा असाच वागतो. पाहुणेपण संपेल त्या दिवशी ताट भिंतीवर आपटेल, पाकिटातली पन्नासची नोट नाहीशी होईल. त्या रागाच्या भरात तुमच्या तोंडून काय निघेल? ‘एवढं केलं तुझ्यासाठी...’ हे वाक्य आपल्याकडे फार जुनं आहे. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांना सात घरी सात वारी अन्न मिळायचं. कुठे मायेने, कुठे त्या वाक्यासकट. तुमच्या घरात ते कुठल्या कोनाड्यात ठेवलेलं आहे, शांतपणे शोधा.

पैशांचं एका दमात सांगते. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये दरमहा 4,000 रुपयांची तरतूद आहे. ती मुलाच्या खर्चासाठी. तिच्यावर घर चालवण्याचा हिशेब मनात असेल, तर इथेच थांबावं. 2024 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी 35 ते 60 वयाच्या एकट्या व्यक्तींनाही वाट मोकळी केली; एकट्या पुरुषाकडे मात्र मुलगी देत नाहीत. गृहभेटी होतील, चौकशा होतील, मूल आल्यावरही लोक बघायला येत राहतील. याचा तुम्हाला अपमान वाटेल का?

तो तुम्हाला काय हाक मारेल? ‘आई’ म्हणावं असं वाटत असेल, मागू नका. मावशी चांगलं आहे. ‘माय मरो, मावशी जगो’ ही म्हण मात्र कुणी कौतुकाने त्याच्यासमोर टाकली, तर विषय बदला. त्याची माय जिवंत आहे.

आणि ती येणार आहे. इथे सगळ्यात जास्त वेळ बसा.

रविवार. ती तुमच्या उंबऱ्याशी चप्पल काढते. ठरलेल्या वेळेपेक्षा उशिरा आली आहे, हातात ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा. तुम्ही तिला कुठे बसायला सांगता? सोफ्यावर, की मोलकरणीच्या ओळखीच्या त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर? चहा कुठल्या कपात देता? तिची जात, तिची भाषा, तोंडाला येणारा तंबाखूचा वास, हे सगळं तुमच्या चेहऱ्यावर किती उमटतं? मुलगा तिच्याकडे बघत नाहीये. तो तुमच्या चेहऱ्याकडे बघतोय. तुम्ही रोज पौष्टिक म्हणून नाचणीची बिस्किटं देता, आणि तो मैद्याचा तो पुडा उशीखाली ठेवतो. या क्षणी तुम्हाला जे वाटतं, ते ढकलू नका. राग असेल, मत्सर असेल. माझ्या मते अर्ज भरायचा की नाही हे या चहाच्या कपापाशी ठरतं. बाकी सगळं शिकता येतं.

आता शेवटची दुपार. दीड वर्ष उलटलंय, समितीचा आदेश आलाय. कप्पा उघडा. दोन शर्टांचे आठ झालेत. गुणपत्रिका, लसीकरणाचं कार्ड, सहलीचा फोटो एका पाकिटात घाला. चेपलेली डबी आहे ना? या वेळी तिच्यात लाडू भरा. मग एक कागद घ्या आणि त्याच्या आईला दोन ओळी लिहा. ताप आला की याला कुठलं औषध चालत नाही. वरणात हिंग लागतं. झोपताना दिवा थोडा वेळ चालू ठेवायचा.

मनातल्या मनात ती चिठ्ठी पूर्ण लिहा. खाली स्वतःचं नाव कसं लिहाल, तेही बघा.