श्रेय सालीचं की फिल्मचं?

चि. मुक्ता,


प्रकल्पाचा विषय छान निवडलास. अन्न गुंडाळायला प्रथिनांची विघटनशील फिल्म, त्यात डाळिंबाच्या सालीचा अर्क. चक्क्याच्या पाण्यातून प्रथिनं काढायचा बेत मात्र सोड. दह्यासाठी दूध चांगलं उकळलं की त्यातली निवळीची (व्हे) प्रथिनं केसीनला चिकटतात आणि चक्क्यातच राहतात. खाली गळतं त्यात फिल्मपुरतं फारसं उरत नाही. पनीरच्या पाण्याचीही तीच गत. चीजसाठी दूध इतकं तापवत नाहीत, म्हणून बाजारातली व्हे पावडर बहुतेक तिकडून येते. तू सरळ जिलेटिन घे. गार पाण्यात फुगवून गरम कर, थोडं ग्लिसरीन घाल (नाहीतर वाळल्यावर तडकेल) आणि ताटलीत ओतून वाळव.

खरी गंमत अर्क घालताना आहे. सालीत प्युनिकॅलॅजिनसारखी टॅनिनं भरपूर, आणि टॅनिन प्रथिनाला घट्ट धरतं. अर्क जास्त झाला तर द्रावण गढूळ होऊन साका बसेल. टॅनिन ओळखायची जुनी परीक्षाच ती. कातडी कमावणाऱ्यांनी बाभळीची साल, तरवड, हिरडा वापरून प्रथिन असंच टॅनिनने जखडलं, आपल्या पाठ्यपुस्तकांच्या कितीतरी आधी. बेताचा अर्क फिल्म मजबूत करतो. पण प्रथिनाने जखडलेलं टॅनिन अन्नापर्यंत पोचणार कसं? तेल खवट होण्याची साखळी तोडायला त्याने आपला हायड्रोजन द्यायचा असतो, आणि त्यासाठी ते थोडं तरी मोकळं हवं. बळकट फिल्म हवी की पाझरणारी, हे आधी ठरव.

आता अँटिऑक्सिडंटपणा मोजायच्या त्या डीपीपीएच परीक्षेबद्दल. जांभळं द्रावण पिवळं झालं म्हणून तू खूश आहेस. डाळिंबाची साल ते करणारच! त्या परीक्षेत ना तेल आहे, ना हवा, ना साठवणीचे आठवडे. ती आकडेवारी अहवालात जरूर दे, पण प्रकल्प तिच्यावर उभा करू नकोस.

खरी परीक्षा शेंगदाण्यांवर करून बघ. काही दाणे उघडे, काही साध्या जिलेटिनच्या फिल्ममध्ये, काही अर्काच्या फिल्ममध्ये. मधला गट वगळायचा मोह होईल, वगळू नकोस. कोरडी प्रथिन-फिल्म मुळातच ऑक्सिजन चांगला अडवते, त्यामुळे दाणे टिकले तर त्यातलं बरंच श्रेय तिचं असेल. शिवाय अर्काने फिल्म पिवळट होते आणि अतिनील किरण अडवते, तोही फायदा तू अँटिऑक्सिडंटच्या खात्यावर टाकशील. म्हणून तिन्ही गटांचा एकेक जोड अंधारातही ठेव. वास घे, पण भरवसा पेरॉक्साइड व्हॅल्यूवर ठेव.

आणि हे सगळं उन्हाळ्यात उरकू नकोस. कोरड्या हवेत या फिल्म फार गुणी वागतात. जुलैत त्या पाणी शोषून लिबलिबीत होतात, ऑक्सिजनही आत सोडू लागतात. निम्मे नमुने पावसाळ्यासाठी राखून ठेव. वेळ कमी पडतोय असं वाटलं तर अख्ख्या दाण्यांऐवजी कूट घे. त्याला हवा जास्त लागते, लवकर खवटतो, तुझ्या तोंडी परीक्षेच्या आत निकाल हाती येईल.

तुझे आजोबा