डोळा आणि आरसा

जालन्याच्या मोंढ्यात पोत्यांवर विसावलेल्या हमालाचे छायाचित्र घ्यावयाचे, तर रेंजफाइंडर कॅमेरा बरा की एसएलआर? प्रश्न वरवर यंत्राचा दिसतो. आमच्या मते तो नीतीचाही आहे.

एसएलआरमध्ये भिंगातले चित्रच आरशावरून डोळ्यांस दिसते, म्हणून चौकट अचूक साधते. परंतु कळ दाबताच आरसा वर उचलला जातो आणि नेमक्या त्या क्षणी डोळ्यांपुढे अंधार होतो. रेंजफाइंडरची खिडकी भिंगाहून निराळी. जवळच्या वस्तूची चौकट तीत किंचित चुकते खरी, पण तो क्षण लोपत नाही, आणि चौकटीबाहेरचे जगही दिसत राहते. दूरवरची भिंगे त्यास मानवत नाहीत; माणसाजवळ जावेच लागते. १९४७-४८ साली हिंदुस्थानात फिरलेल्या आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या हाती असाच लायका होता.

तेव्हा रेंजफाइंडर अधिक सभ्य, असे कोणी म्हणेल. पण त्याचा लहान आकार व मंद आवाज चोरट्या हातासही तितकाच सोयीचा! आमचा कल त्याच्याकडेच आहे. तथापि सभ्यता यंत्राबरोबर विकत मिळत नाही. कॅमेरा खाली केल्यावर त्या हमालाच्या नजरेस नजर भिडविता येते काय, हीच खरी कसोटी होय.