दारावरील कांशाची कडी

इटली देशांतील व्हेनिस नगरांत १६व्या शतकांत श्रीमंत घराण्यांच्या दारांवर ठोठावण्यासाठीं कांशाच्या ओतीव कड्या असत. कोठें सिंहाचें मुख, कोठें समुद्रदेव नेपच्यून व त्याचे घोडे. कित्येकदां मध्यें घराण्याचें चिन्ह. ठोठावण्यास साधी लोखंडी कडीही पुरली असती. पण घरधनी किती मोठा हें उंबरठ्याबाहेरच कळावें, अशी इच्छा. १७९७ सालीं तें प्रजासत्ताक राज्य लयास गेलें. त्या कड्यांपैकीं कांहीं आज संग्रहालयांत आहेत. तेथें त्यांच्यामागें दारच नाहीं!

लूकाच्या १६व्या अध्यायांतील श्रीमंताच्या दाराशीं लाजर पडून होता. त्या दाराची कडी कशाची होती हें शास्त्र सांगत नाहीं. घरधन्याचें नांवही सांगत नाहीं. दाराबाहेर पडलेल्याचें मात्र सांगतें.

आपणही नव्या घरास चकचकीत पितळी कडी लावितों. लावावी; त्यांत पाप नाहीं. परंतु ती वाजविण्यास कोण धजतो? आज रात्रीं दार लावितांना आठवून पाहा, या आठवड्यांत कोणी अंगणापर्यंत येऊन, कडीला हात न लावितांच, परत गेला काय?