शब्द हीदेखील अमानत आहे

अमानत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा पैसा, दागिने, जमिनीची कागदपत्रे किंवा फार तर एखादे पद उभे राहते. कोणी विश्वासाने सोपवलेली वस्तू तिच्या हक्कदाराला जशीच्या तशी द्यावी, ही सूरह निसाच्या 58 व्या आयतीतील आज्ञा आपण सर्व जाणतो. परंतु एका माणसाने दुसऱ्यासाठी उच्चारलेला शब्दही अमानत असतो आणि तो वाटेत बदलला, अडला किंवा हरवला तर त्याचाही जाब द्यावा लागेल, हा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. शाळेत ही अमानत दररोज हाताळली जाते. शिक्षकाचा शब्द पालकापर्यंत, पालकाचा शिक्षकापर्यंत आणि मुलाचा या दोघांपर्यंत पोचायचा असतो. तो पोचवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न आज आपल्यासमोर ठेवावयाचा आहे.

वाचकहो, यासाठी एक प्रसंग सांगतो. त्यात माझा स्वतःचा दोष आहे, म्हणूनच तो सांगणे आवश्यक वाटते.

काही वर्षांपूर्वी मी एका मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवत होतो. पालक सभेचा दिवस होता. शेजारच्या टेबलावर आठवीचे वर्गशिक्षक बसले होते. ते सज्जन आणि तळमळीचे गृहस्थ होते. एका व्यापारी पालकाशी त्यांचे बराच वेळ बोलणे झाले. त्यानंतर एक बुरखाधारी माऊली आपल्या मुलीसह समोर येऊन उभी राहिली. ती रोजंदारीवर जाणारी होती आणि अर्धा दिवस बुडवून आली होती. मुलगी हुशार होती. शिक्षकांनी आईला सांगितले की, राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेस मुलीला बसवावे. तिची निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतील. त्यासाठी तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला लागेल, तो आठ दिवसांत आणावा.

आईने मुलीकडे पाहिले. बाजारात भाजी घेण्यापुरते मराठी तिला येत होते. परंतु ‘आर्थिक दुर्बल घटक’, ‘उत्पन्नाचा दाखला’, ‘पात्रता’ हे मराठी तिच्या कानांना परके होते. मुलगी क्षणभर थांबली आणि आपल्या दख्खनीत म्हणाली, “अम्मी, सर बोल रे, पढ़ाई अच्छी चल री.” आईच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. तिने शिक्षकांना सलाम केला आणि ती निघून गेली. आपला निरोप पोचला, असे शिक्षकांना वाटले. त्यांनी पुढच्या पालकाला बोलावले.

मला दोन्ही भाषा येत होत्या. मी दोन्ही वाक्ये ऐकली होती. मुलीने काय गाळले हे त्या खोलीत तिच्याखेरीज केवळ मलाच ठाऊक होते, आणि मी गप्प बसलो. वर्ग माझा नव्हता, माझ्यापुढेही रांग होती, दुसऱ्याच्या कामात कशाला पडावे, अशी कारणे मनाने तत्काळ शोधून दिली. अर्जाची मुदत टळली. पुढे त्या शिक्षकांनी भर वर्गात मुलीला विचारले की, तुझ्या घरच्यांना तुझ्या शिक्षणाची काही काळजी आहे की नाही? ती मान खाली घालून उभी राहिली. नंतर मी तिला एकटीला विचारले तेव्हा तिने सांगितले की, दाखल्यासाठी सेतू केंद्रात दोन-तीन खेपा पडल्या असत्या, अम्मीचे तेवढे रोज बुडाले असते, आणि त्या महिन्याचे भाडे थकलेले होते. परीक्षेत तिची निवड झाली असती की नाही, हे अल्लाहच जाणे. मात्र तो निर्णय तिच्या आईचा होता आणि तो घेण्याची संधीच आईला मिळाली नाही, एवढे निश्चित.

आता विचार करू या. ती मुलगी खोटे बोलली काय? होय, बोलली. हेतू दयेचा होता म्हणून असत्याला सत्य म्हणता येणार नाही. इस्लामने या बाबतीत किती बारकाईने पाहिले आहे, हे अबू दाऊद यांच्या हदीस संग्रहातील एका प्रसंगावरून दिसते. एका आईने आपल्या लहान मुलाला काहीतरी देण्याचे आमिष दाखवून हाक मारली. प्रेषित (स.) यांनी तिला विचारले की, तू त्याला काय देणार होतीस? तिने खजूर देण्याचा विचार असल्याचे सांगितले. तेव्हा ते म्हणाले की, काहीच दिले नसतेस तर तुझ्या नावे एक असत्य लिहिले गेले असते. मुलाशी बोलताना मोठ्यांनी असत्य बोलू नये, अशी ही शिकवण आहे. ज्या घरात आणि ज्या शाळेत मोठी माणसे सोयीचे तेवढेच बोलतात, तेथील मूल तेच शिकते.

परंतु दोष मुलीवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. तिच्यावर आपण कोणते ओझे ठेवले होते, तेही पाहिले पाहिजे. तिच्याविषयीचीच गोष्ट तिच्याच तोंडून तिच्या आईला कळवण्याचे काम आपण तिला दिले. ज्याच्या नफ्या-तोट्याचा प्रश्न आहे, त्यालाच साक्षीदार आणि दुभाषी करणे कोणत्याही न्यायसभेत चालणार नाही. शाळेत मात्र ते सहज चालते. कधी मूल आपली तक्रार लपवते, कधी आपले कौतुक सांगायला लाजते, तर कधी घरची ओढाताण ओळखून मोठ्यांचा निर्णय स्वतःच घेऊन टाकते.

येथे ह. अनस (र.) यांच्या बालपणीची घटना आठवते. सहीह मुस्लिममध्ये ती आली आहे. अनस (र.) मुलांबरोबर खेळत असताना प्रेषित (स.) आले, त्यांनी मुलांना सलाम केला आणि अनस (र.) यांना एका कामासाठी पाठवले. घरी परतायला उशीर झाला तेव्हा आईने, म्हणजे ह. उम्मे सुलैम (र.) यांनी कारण विचारले. मुलाने सांगितले की, प्रेषितांच्या कामासाठी गेलो होतो. कोणते काम, असे विचारताच तो म्हणाला की, ते गुपित आहे. यावर आई रागावली नाही. प्रेषितांचे गुपित कोणालाही सांगू नकोस, असेच तिने त्याला बजावले.

गुरू, मूल आणि आई या तिघांमधील हा संवाद पाहा. मूल खोटे बोलले नाही आणि त्याने विश्वासघातही केला नाही. ‘मी सांगू शकत नाही’ असे आईला स्पष्टपणे म्हणण्याचे धैर्य त्याच्यात होते, कारण आईचा गुरूवर आणि मुलावर विश्वास होता. अनस (र.) पुढे सांगत असत की, दहा वर्षांच्या सेवेत प्रेषितांनी मला कधी ‘उफ’ देखील म्हटले नाही. ज्या मुलाला भीती नसते, त्याला असत्याचा आडोसा घ्यावा लागत नाही. आमच्या त्या मुलीपुढे मात्र दोनच वाटा होत्या, आईचा रोज बुडवायचा किंवा शिक्षकांचा शब्द गिळायचा. ‘सर, आमची ही अडचण आहे’ असे म्हणण्याची तिसरी वाट तिला कोणी दाखवलीच नव्हती.

आता शिक्षकांच्या बाजूकडे वळू या. शिक्षक म्हणतील की, आम्ही तर सांगितले होते. परंतु सांगणे आणि पोचणे यांत अंतर आहे. पवित्र कुरआनने सूरह इब्राहीमच्या चौथ्या आयतीत स्पष्ट केले आहे की, प्रत्येक प्रेषिताला त्याच्या लोकांच्याच भाषेत संदेश देऊन पाठवण्यात आले, जेणेकरून त्याने तो त्यांना उलगडून सांगावा. सर्वशक्तिमान अल्लाहचा संदेश ऐकणाऱ्याच्या भाषेत येतो, तर मग शाळेची सूचना पालकाच्या भाषेत का येऊ नये? हिजरी सन 10 मध्ये अखेरच्या हजच्या वेळी प्रवचन दिल्यानंतर प्रेषित (स.) यांनी उपस्थितांना विचारले की, मी संदेश पोचवला ना? लोकांनी होकार दिला तेव्हा त्यांनी अल्लाहला साक्षी ठेवले. संपूर्ण आयुष्य संदेश पोचवण्यात वेचलेल्या महामानवाला हे विचारून घ्यावेसे वाटले. मग दोन मिनिटांच्या भेटीनंतर आपण न विचारता निश्चिंत कसे होतो? ‘ताई, मी काय सांगितले ते तुम्हाला कसे समजले, जरा सांगा बरे’ एवढा एक प्रश्न त्या दिवशी विचारला असता तर पुढचे सारे टळले असते.

शिवाय व्यापाऱ्यासाठी बराच वेळ आणि मजूर स्त्रीसाठी दोन मिनिटे, ही गोष्टही दुर्लक्षिण्यासारखी नाही. सूरह अबसची सुरुवात ज्या प्रसंगाने होते, तो आपणास ठाऊक आहे. प्रेषित (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलण्यात गुंतले होते. त्या वेळी ह. अब्दुल्लाह बिन उम्मे मक्तूम (र.) हे अंध सहाबी शिकण्याच्या ओढीने आले. त्यांच्या येण्याने बोलण्यात खंड पडला आणि प्रेषितांच्या कपाळावर आठी उमटली. अल्लाहने त्यावर आयती अवतरित करून सावध केले. त्या आयती आजही नमाजमध्ये पठण केल्या जातात. कोणाकडे आधी लक्ष द्यावे, या प्रश्नाला इस्लाममध्ये एवढे मोल आहे. आपल्या देशाचा शिक्षण हक्क कायदा 2009 देखील पालकांशी नियमित भेटून मुलाची हजेरी, आकलन आणि प्रगती यांविषयी त्यांना अवगत करणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरवतो. अवगत करणे म्हणजे कानावर घालणे नव्हे, तर समजेल असे सांगणे होय.

पालकांचीही जबाबदारी कमी नाही. ‘हमको क्या समझता’ असे म्हणून मान डोलवणे हा विनय नव्हे. प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या अधीन असलेल्यांविषयी विचारले जाईल, ही प्रसिद्ध हदीस निरक्षर आईलाही तितकीच लागू आहे. न समजलेली गोष्ट पुन्हा विचारण्यात कमीपणा नाही. ज्या राज्यात आपण राहतो, ज्या भाषेत आपल्या मुलांचे दाखले निघतात, ती भाषा शिकून घेणे हेदेखील मुलांप्रति कर्तव्यच आहे. ह. ज़ैद बिन साबित (र.) यांना प्रेषितांनी यहुदींची लिपी शिकण्यास सांगितले. येणाऱ्या-जाणाऱ्या पत्रांतील मजकूर आपल्याच विश्वासू माणसाकडून वाचला व लिहिला जावा, हा त्यामागचा उद्देश होता. जैद (र.) यांनी ती अवघ्या पंधरवड्याच्या सुमारास आत्मसात केली, असे हदीसमध्ये येते. दुसऱ्याची भाषा शिकल्याने श्रद्धेला बाधा येत नाही, उलट अमानत सुरक्षित राहते.

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. ज्या शिक्षकाच्या वर्गात पन्नास-साठ मुले आहेत त्याने प्रत्येक घरची भाषा कोठून शिकावी? आणि दिवसभर राबणाऱ्या मातेने शासकीय मराठी केव्हा शिकावे? आक्षेप खरा आहे. दोघांच्या शक्तीला मर्यादा आहेत आणि अल्लाह कोणावरही त्याच्या शक्तीपलीकडे भार टाकत नाही. म्हणूनच तिसऱ्या माणसाची गरज आहे. तो तिसरा माणूस मूल नव्हे, तर जाणता, प्रौढ माणूस असावा.

ह. मूसा (अ.) यांना फिरऔनकडे जाण्याची आज्ञा झाली तेव्हा त्यांनी प्रार्थना केली की, माझ्या जिभेची गाठ सोड, म्हणजे लोकांना माझे बोलणे समजेल, आणि माझा भाऊ हारून याला माझा सहायक कर. सूरह ताहामध्ये ही प्रार्थना आहे. सूरह कससमध्ये मूसा (अ.) स्वतः सांगतात की, हारूनची वाणी माझ्यापेक्षा अधिक ओघवती आहे. एवढ्या थोर प्रेषिताला आपला शब्द पोचण्यासाठी सोबत्याची गरज वाटली आणि ती मान्य करण्यात त्यांना संकोच वाटला नाही.

वाचकहो, आता मी आपल्याकडे वळतो. आपण हे मासिक मराठीत वाचत आहात. आपल्यापैकी अनेकांच्या घरात, मोहल्ल्यात, मशिदीच्या अंगणात उर्दू किंवा दख्खनी बोलली जाते. म्हणजे शाळा आणि घर या दोहोंची भाषा आपणास येते. ही केवळ सोय आहे असे समजू नका. ही एक नेमत आहे आणि प्रत्येक नेमतीविषयी विचारणा होणार आहे. पुढच्या पालक सभेच्या दिवशी एक तास काढून जवळच्या शाळेत बसणे आपणास अशक्य आहे काय? शेजारणीच्या हातातील शाळेची चिठ्ठी तिला वाचून दाखवणे, दाखल्यासाठी तिच्यासोबत सेतू केंद्रात एक खेप घालणे, तिची अडचण शिक्षकांच्या कानी घालणे, ही कामे लहान दिसतात, परंतु त्यांच्या अभावी एखाद्या मुलाची वाट बदलून जाते. मात्र हे करताना निरोपात आपल्या पदरचे काही मिसळू नये आणि एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी नेऊ नये. नाहीतर अमानत राखायला गेलेलाच ती गमावून बसेल.

त्या दिवशी त्या खोलीत एका हारूनची गरज होती आणि तो शेजारच्या टेबलावर गप्प बसून होता. नंतर मी त्या आईला भेटून सर्व सांगितले आणि क्षमा मागितली. तिने मला काहीच दोष दिला नाही. फक्त एवढे विचारले, “भाईजान, उस दिनच बोल दिए होते तो?” या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी तेव्हा नव्हते. कयामतच्या दिवशी तो पुन्हा विचारला जाईल, या जाणिवेनेच हा लेख लिहिला आहे.

अल्लाह आपणा सर्वांना शब्दांची अमानत ओळखण्याची व ती तिच्या हक्कदारापर्यंत पोचवण्याची सद्बुद्धी व सामर्थ्य देवो. आमीन.