पाण्यानं बांधलेला घट

संगम माहुलीला बाबांच्या चितेभोवती फिरताना माझ्या खांद्यावर पाण्यानं भरलेलं मडकं होतं. दर फेरीला दगडानं एक भोक पडे आणि पाठीवरून गार धार उतरे. तिसऱ्या फेरीनंतर मागे न बघता मी मडकं सोडलं.

बाबा कीर्तनकार. घट फुटला की त्यातलं आकाश आणि बाहेरचं आकाश एकच, हा दृष्टान्त मी लहानपणापासून त्यांच्या तोंडून ऐकला. घट म्हणजे 'मी'पणाची सीमा; ती मिथ्या, आकाश सत्य. पुढे जन्मभर अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवताना मात्र पेशीच्या पटलामुळे मी या दृष्टान्तापाशी अडत राहिलो.

१९२५ साली नेदरलँड्समधल्या लायडनला गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतले मेदरेणू काढून पाण्यावर एकेरी थरात पसरले. त्यांनी व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली. म्हणजे पेशीचं पटल दुपदरी! या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं, शेपट्या पाणी टाळतात. म्हणून दोन्ही पदर शेपट्या आत वळवून एकमेकांना भिडतात. जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर. शेजारचे रेणू रासायनिक बंधानं बांधलेले नसतात, ते सारखे सरकत असतात. त्यांना एकत्र धरून ठेवतं ते आतलं-बाहेरचं पाणीच.

मातीचं मडकं कोरडं पडलं तरी मडकंच राहतं. पेशीची सीमा मात्र, जिच्या पलीकडे जग सुरू होतं, त्या जगाच्याच आधारानं उभी असते. तिला मिथ्या म्हणायला माझी जीभ रेटत नाही. 'मी' खरा आहे. फक्त तो एकट्याच्या बळावर उभा नाही.

शिवाय ही सीमा कष्टानं राखावी लागते. फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचा रेणू आतल्या पदरातच राहावा म्हणून पेशी सतत ऊर्जा खर्चते. पेशी मरणाला टेकली की ही राखण थांबते, आतला रेणू बाहेरच्या पदरावर येतो. ती खूण ओळखून महाभक्षी पेशी येतात आणि तिला आपल्यात सामावून घेतात.

शेवटच्या दिवसांत बाबा, ज्यांनी कधी स्वतःचं दुःख बोलून दाखवलं नव्हतं, माझा हात धरून मनातलं सगळं बोलले. आतलं बाहेर आलं, आणि ते मी घेतलं. माहुलीला पाठीवरून उतरणारी ती धार मला अजून जाणवते. बाबांचा दृष्टान्त मी आजही सांगतो, पण माझा घट मातीचा नसतो. पाण्यातच, पाण्यानंच बांधलेला असतो.