एका कादंबरीच्या अनेक संहिता

चार्ल्स डिकन्सची ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ त्याच्या हयातीतच निरनिराळ्या रूपांत छापली गेली. फेब्रुवारी १८३७ ते एप्रिल १८३९ या काळात ती ‘बेंटलीज मिसेलनी’ या मासिकात क्रमशः आली. मासिकातले हप्ते चालू असतानाच, नोव्हेंबर १८३८ मध्ये, ती तीन खंडांत निघाली. १८४६ च्या आवृत्तीसाठी डिकन्सने तिच्यावरून पुन्हा हात फिरवला, १८६७ मध्ये आणखी एकदा. या छापील रूपांत मजकूर सारखा नाही. मासिकात ऑलिव्हरच्या जन्मगावाला मडफॉग हे नाव आहे. पुस्तकात ते गाव निनावी झाले. चिकित्सक आवृत्तीच्या संपादकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा : यांपैकी कोणती संहिता छापायची आणि उरलेल्यांचे काय करायचे?

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील बहुतेक कादंबऱ्यांची हीच स्थिती आहे, आणि तिचे मूळ त्या काळच्या प्रकाशनव्यवहारात आहे. कादंबरी आधी मासिकातून किंवा मासिक भागांतून येई, मग खंडरूपाने आणि पुढे स्वस्त एकखंडी आवृत्तीत. तीन खंडांचा संच साडेएकतीस शिलिंगांना पडे, त्यामुळे तो मुख्यतः वर्गणी घेणारी वाचनालयेच विकत घेत. नव्याने जुळणी झाली की जुळाऱ्यांच्या हातून काही शब्द बदलत, काही गळत. विरामचिन्हे तर पुष्कळदा छापखान्याच्या रिवाजाप्रमाणे पडत. लेखक घाईघाईत मुद्रिते तपासताना जुन्या चुका दुरुस्त करी आणि जाता जाता नवे शब्दही घाली. पुढच्या काळात दोन पाठ समोर आले की यातला लेखकाचा कोणता आणि छापखान्याचा कोणता, हे सहज कळत नाही.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमुळे मराठी वाचकाला पाठभेदांची कल्पना आहे. तेथे कर्त्याच्या हातची प्रत असण्याचा प्रश्नच नव्हता. उत्तरकालीन हस्तलिखितांवरून मागे मागे जात प्राचीनतम गाठता येणारा पाठ शोधायचा होता. इंग्रजी कादंबरीच्या संपादकाची अडचण उलट आहे. लेखकाचे हस्तलिखित, दुरुस्त केलेली मुद्रिते, प्रकाशकाशी झालेला पत्रव्यवहार, लेखकाने स्वतः तपासलेल्या आवृत्त्या असे बरेच काही हाती असते. साक्षीदार पुष्कळ, बहुतेक विश्वासार्ह, आणि तरी त्यांचे एकमेकांशी जुळत नाही.

म्हणून पहिले काम पाठतुलनेचे. लेखकाच्या हयातीतील प्रत्येक आवृत्ती शब्दाशब्दाने आणि स्वल्पविरामापर्यंत ताडून पाहावी लागते. छपाई चालू असताना दुरुस्त्या होत असल्याने एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींतही फरक निघू शकतो. शेक्सपिअरच्या ‘फर्स्ट फोलिओ’च्या अभ्यासासाठी चार्ल्टन हिनमन यांनी आरशांचे एक यंत्र बनवले होते. दोन प्रतींतले तेच पान त्यात एकावर एक दिसे आणि वेगळे अक्षर लुकलुकू लागे.

दुसरे काम आधारप्रत निवडण्याचे. इंग्रज ग्रंथविद्यातज्ज्ञ डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांनी १९४९ साली मांडलेल्या विवेचनाचा येथे मोठा प्रभाव पडला. त्यांनी शब्द आणि वर्णलेखन-विरामचिन्हे यांत फरक केला. दुसऱ्या गटासाठी लेखकाच्या हाताला सर्वांत जवळची प्रत प्रमाण मानावी. शब्दांच्या बाबतीत मात्र लेखकाने पुढे केलेले बदल पारखून स्वीकारावेत. टॉमस हार्डीच्या ‘टेस’ला ही पद्धत सोयीची ठरली. १८९१ मध्ये ‘द ग्राफिक’ साप्ताहिकासाठी हार्डीने टेसच्या बाळाच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग वगळला आणि कथेत खोट्या लग्नाची योजना घुसडली. त्याच वर्षीच्या तीन खंडांत मूळ कथानक बरेचसे परत आले. तरीही चेझबरोच्या नृत्याचा प्रसंग पुस्तकात यायला १९१२ ची ‘वेसेक्स’ आवृत्ती उजाडावी लागली. १९८३ च्या क्लॅरेंडन आवृत्तीत ज्युलिएट ग्रिंडल आणि सायमन गॅट्रेल यांनी हस्तलिखित आधाराला धरून पुढचे बदल त्यात घेतले. अशा रीतीने सिद्ध झालेली संहिता हार्डीच्या हयातीत जशीच्या तशी कधीच छापली गेली नव्हती.

हस्तलिखितच नसेल तर हा मार्ग बंद होतो. ‘वुदरिंग हाइट्स’चे हस्तलिखित उपलब्ध नाही आणि १८४७ ची पहिली आवृत्ती चुकांनी भरलेली आहे. एमिली ब्राँटेच्या मृत्यूनंतर १८५० मध्ये शार्लटने ती सुधारली. पण त्याच भरात जोसेफ या पात्राची यॉर्कशायरची बोलीही सौम्य केली. थोरल्या बहिणीची दुरुस्ती म्हणजे लेखिकेची दुरुस्ती नव्हे, म्हणून संपादकाला सदोष पहिल्या आवृत्तीकडेच परतावे लागते.

‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये तर लेखकाचे दोन निर्णयच समोरासमोर येतात. कादंबरीतल्या फेगिन या पात्राचा उल्लेख वारंवार ‘ज्यू’ असा होतो, याबद्दल एलायझा डेव्हिस या ज्यू महिलेने १८६३ मध्ये डिकन्सकडे पत्राने तक्रार केली. १८६७ च्या आवृत्तीत, विशेषतः उत्तरार्धात, त्याने हे उल्लेख पुष्कळ कमी केले. १९६६ मध्ये ‘क्लॅरेंडन डिकन्स’ मालिकेचा आरंभ करताना कॅथलीन टिलटसन यांनी मात्र १८४६ ची आवृत्ती आधाराला घेतली. त्यामुळे नंतरचा बदल पाठभेदांच्या नोंदीत गेला. फिलिप हॉर्न यांनी पेंग्विनसाठी संपादन करताना थेट मासिकातला मजकूर निवडला. तिशीतल्या लेखकाची सुधारणा, उतारवयातला पुनर्विचार की पहिल्या वाचकांच्या हाती पडलेला मजकूर, याचा निवाडा निव्वळ पाठतुलनेने होत नाही. त्यासाठी संपादकाला साहित्यविषयक भूमिका घ्यावी लागते.

हाच मुद्दा अमेरिकन अभ्यासक जेरोम मॅगन यांनी १९८३ साली पुढे नेला. त्यांच्या मते साहित्यकृती लेखकाबरोबरच प्रकाशक, संपादक आणि वाचक यांच्या व्यवहारातून घडते. तेव्हा लेखकाचा अंतिम हेतू ही एकमेव कसोटी होऊ शकत नाही. या दृष्टीने ‘ग्राफिक’मधली कापलेली ‘टेस’ हाही त्या काळच्या संकोचांचा पुरावा ठरतो.

या मतभेदांमुळे चिकित्सक आवृत्तीत संहितेइतकेच महत्त्व तिच्या सामग्रीला असते. प्रस्तावनेत प्रकाशनाचा इतिहास आणि आधारप्रतीच्या निवडीची कारणे येतात. केलेल्या दुरुस्त्या व नाकारलेले पाठ यांच्या याद्या दिल्या जातात आणि कायदे, चलन, बोली यांवर टीपा असतात. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’च्या वाचकाला १८३४ चा गरीब-कायदा ठाऊक नसेल, तर वर्कहाउसवरचा उपरोध निम्मा वाया जातो. पण खरे वजन पाठभेदांच्या यादीचेच. संपादकाचा निर्णय न पटल्यास वाचक तिच्या आधारे दुसरी संहिता जुळवून पाहू शकतो. आपल्या निवडीला आव्हान देण्याची साधने जी आवृत्ती वाचकाच्या हाती ठेवते, तीच चिकित्सक या नावाला पात्र होते.